ब्रेमारचा मेळावा : जिथे वासा फिरवतात, तिथला एक दिवस

रानजाई :

आम्ही अ‍ॅबरडीनला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. नवरा तेलकंपनीत, मी इथल्या दवाखान्यात. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमारला स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, म्हणजे हायलँडच्या, पारंपरिक खेळांचा मोठा मेळावा भरतो, हे पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी सांगितलं होतं. कधी ड्यूटी बदलून मिळाली नाही, कधी लेक लहान, असं करत राहून गेलं. यंदा गेलो. येऊन पंधरा दिवस झाले तरी मन अजून तिथेच आहे, म्हणून हा धागा.

अ‍ॅबरडीनहून डी नदीच्या काठाकाठाने रस्ता वर वर जातो. बँखरी, अबॉइन, बॅलटर, मग बालमोरलचा राजवाडा आणि तिथून नऊ मैलांवर ब्रेमार. एकूण साठेक मैल, पण त्या दिवशी गाड्यांची रांग एवढी की पोचायला अडीच तास लागले. गाव एवढंसं. चारी बाजूंनी डोंगर आणि त्यांच्यावर हेदरच्या फुललेल्या झुडपांचा जांभळा रंग. सकाळी भुरभुर पाऊस होता, तरी कुणी जागचं हललं नाही.

मैदान लंबगोल आहे. १९०६ साली ड्यूक ऑफ फाइफने ही जागा मेळाव्यासाठी दिली. पहिला अर्धा तास काय बघावं तेच कळेना, कारण इथे सगळं एकाच वेळी चालतं. मधोमध धिप्पाड माणसं वजनं फेकतायत, एका बाजूला लाकडी मंचावर मुली नाचतायत, पलीकडच्या कोपऱ्यात एकटाच माणूस परीक्षकांसमोर बॅगपाईप वाजवत सावकाश येरझाऱ्या घालतोय आणि या सगळ्यांभोवती धावण्याची शर्यत. जत्रेत कसं, एकीकडे पाळणा, एकीकडे कुस्तीचा फड, एकीकडे भजन, जिथे पाय ओढतील तिथे थांबायचं, तसंच.

मी थांबले ते केबरपाशी. केबर म्हणजे झाडाचं सोललेलं, तासलेलं अख्खं खोड. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत ‘काबर’ म्हणजे घराचा वासा. ब्रेमारचा नावाजलेला केबर ६.०२ मीटर लांब आणि १३२ पौंडांचा, म्हणजे साठ किलोचा. दोघं-तिघं मिळून तो उभा धरतात. खेळाडू खाली वाकून बारीक टोकाखाली दोन्ही हातांची ओंजळ करतो, खोड खांद्याला टेकवतो आणि उठतो. मग डोक्यावर वीस फुटांचं झाड तोलत धावत सुटतो, एकदम थांबतो आणि हात वर झटकतो. जाड टोक जमिनीवर आपटतं, बारीक टोक हवेतून पलीकडे जातं आणि वासा उताणा पडतो. पडला तर! बऱ्याच जणांचा अर्ध्यातूनच माघारी येतो किंवा कलंडतो.

मला वाटलं होतं, ज्याचा लांब जाईल तो जिंकला. अंतर कुणी मोजतच नाही. मोजतात तो सरळपणा. खेळाडू घड्याळाच्या सहाच्या आकड्यावर उभा आहे असं समजायचं. वासा उलटून नेमका बाराच्या दिशेला पडला तर तो पूर्ण. साडेअकराला पडला तर कमी, एकला पडला तर अजून कमी. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं की नवा केबर कुणालाच उलटवता आला नाही, तर करवतीने टोक थोडं कापायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, ही जुनी रीत. एकदा कुणी तो फिरवला की त्याला पुन्हा करवत लावायची नाही. तीच त्याची लांबी.

घर फिरलं की वासे फिरतात, ही म्हण लहानपणापासून ऐकली. वासा फिरवायला एवढी ताकद आणि एवढा तोल लागतो, हे डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

आता खरं विचारायचं ते. येताना वाटेत पोटार्क नावाच्या ठिकाणी थांबलो. तिथे डिनीचे दगड म्हणून दोन धोंडे आहेत, वर लोखंडी कड्या बसवलेले. एक ४१४.५ पौंड, दुसरा ३१८.५. दोन्ही मिळून ३३२ किलोंच्या वर. अबॉइनजवळ जन्मलेल्या डोनाल्ड डिनीने १८६० मध्ये दोन हातांत दोन धोंडे घेऊन ते पोटार्कच्या पुलावरून, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत नेले. सतरा फुटांवर अंतर. आजही जगभरातून माणसं येतात आणि तेच दगड उचलून बघतात. नुसते जमिनीवरून सुटले तरी डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या.

तो दगड बघताना मला माझ्या माहेरची गोटी आठवली. मारुतीच्या देवळापुढे पिंपळाखाली एक गोल, गुळगुळीत काळा धोंडा होता. आजोबा तो उचलायचे, असं घरात सगळे सांगतात. मी तो फक्त बसायला वापरलेला पाहिलाय. तुमच्या गावात अशा गोट्या आहेत का? अजून कुणी उचलतं का?

तालीमकर :

रानजाई ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी कोल्हापूरचा. तालमीत गोटी असायचीच. पैलवानाने ती आधी मांडीवर घ्यायची, मग छातीवर, मग खांद्यावर आणि तिथून मागे टाकायची. हे सगळं मी वडिलांकडून ऐकलंय, आता आमच्या तालमीत लोखंडी प्लेटा आणि मशीन आहे.

एक विचारतो. त्या वजनांचं काय? ती किती किलोंची? आणि बक्षीस मिळतं की नुसता मान?

रानजाई :

तालीमकर दादा, दोन्ही मिळतं. इथे पूर्वापार रोख बक्षीस आहे. म्हणूनच एक काळ असा होता की या मेळाव्यांतून पैसे घेणाऱ्यांना हौशी खेळाडूंच्या स्पर्धांची दारं बंद असायची.

वजनं सगळी पौंडात, आणि ती का तशी आहेत ते कळल्यावर मला फार आवडलं. अंतरासाठी फेकायची दोन, २८ पौंड (१२.७ किलो) आणि ५६ पौंड (२५.४ किलो). ब्रिटिश हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, त्याचं अर्धं आणि पाव. म्हणजे धान्य तोलायचीच ही मापं. त्यांना साखळी आणि कडी लावून गरागरा फिरत फेकायचं. मग तेच ५६ पौंड एका हाताने, आडव्या दांडीवरून, पाठीमागे उंच. चांगले खेळाडू पंधरा फुटांच्या वर नेतात. वजन डोक्यावरून येऊन आपल्याच पाठीमागे आदळतं, त्यामुळे फेकून झालं की झटकन पुढे सरकावं लागतं.

हातोडा ऑलिंपिकसारखा तारेचा नाही. गोल लोखंडी डोकं आणि सरळ दांडा. फेकणारा जागचा हलत नाही, स्वतःभोवती फिरत नाही. मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि हातोडा डोक्याभोवती फिरवतो. पाय सुटू नयेत म्हणून बुटांच्या पुढे लांब पाती बसवलेली असतात, ती तो आधी जमिनीत रोवतो. शेतकरी नांगर रोवतो ना, तसंच दिसतं ते.

इतिहासवेडा :

धागा उत्तम. त्यात थोडी भर आणि थोडा मतभेद.

ब्रेमारला गेलेल्या प्रत्येकाला अकराव्या शतकातल्या राजा माल्कमची गोष्ट सांगतात. त्याला वेगवान निरोप्या हवा होता, म्हणून त्याने क्रेग खॉइनिखच्या डोंगरावर पळण्याची शर्यत लावली. ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. आज जो मेळावा दिसतो, त्याचा आकार मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे.

मधे काय झालं ते महत्त्वाचं. १६ एप्रिल १७४६ रोजी कलॉडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा, पराभव झाला. त्यानंतरच्या कायद्याने हायलँडमधल्या पुरुषांना त्यांचा किल्टचा (चौकडीच्या घागऱ्याचा) पोशाख घालायला बंदी केली. सैन्यात असलेल्यांना तेवढी सूट. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. छत्तीस वर्षं! एक अख्खी पिढी. बॅगपाईपवरही कायद्याने बंदी होती असं सर्रास सांगतात, पण त्या कायद्यात वाद्याचं नाव नाही. जेम्स रीड नावाच्या पाईपवाल्याला १७४६ मध्येच यॉर्कला फाशी दिलं, कारण न्यायालय म्हणालं की हायलँडची पलटण पाईपशिवाय चाल करत नाही, तेव्हा पाईप हेही शस्त्रच. त्यातून पुढे ही समजूत पसरली असावी.

मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या स्वागताचा सगळा थाट हायलँडच्या पोशाखात मांडला. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया ब्रेमारच्या मेळाव्याला आली आणि १८६६ मध्ये संस्थेच्या नावापुढे ‘रॉयल’ लागलं. ज्या पोशाखासाठी माणसांना तुरुंगात टाकत, तोच राजघराण्याचा सणासुदीचा पोशाख झाला. आणि त्याच काळात हायलँडचे जमीनदार मेंढ्यांसाठी कुळांना घरांतून हुसकावून लावत होते. मेळाव्याचं कौतुक करताना ही बाजू झाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

रानजाई :

झाकायचीच नाही. पण तुम्ही राजा-राणीपासून सुरुवात केलीत आणि गाव राहून गेलं. ही संस्था १८१५ ची आहे. राणी यायच्या तेहतीस वर्षं आधीची. तिचं मूळ नाव ब्रेमार राइट फ्रेंडली सोसायटी. राइट म्हणजे सुतार. सभासदांनी वर्गणी काढायची आणि त्यातून आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, विधवेला मदत करायची, असं तिचं काम. दर वर्षी ही मंडळी मिरवणूक काढायची आणि त्या मिरवणुकीतून पुढे खेळ आले. मला हे सगळ्यात मोठं वाटतं. वासा फेकायचा खेळ ज्या गावाने सांभाळला, तिथे सुरुवात सुतारांच्या मदतफंडापासून आहे.

परवा मैदानात फाटकापाशी तिकीट फाडणारे, दोऱ्या बांधणारे, लहान मुलांच्या पोत्यातल्या शर्यतीत पडलेल्या पोराला उचलणारे, यांतले बरेच जण आसपासच्या गावांतले होते. राजा दुपारी येतो, बसतो, जातो. दोऱ्या सकाळी कुणीतरी बांधलेल्या असतात.

इतिहासवेडा :

हे मान्य. मी मांडताना वरूनच पाहिलं. मदतफंडाचं लिहिलंत ते बरं केलंत.

डोंगरवाट :

माल्कमची दंतकथा असो, पण डोंगरावरच्या शर्यतीची एक खरी हकिकत आहे. १८५० मध्ये राणीसमोर क्रेग खॉइनिखवर पळण्याची शर्यत झाली आणि तिच्याच पदरी असलेला डंकन नावाचा तरुण पहिला आला. पण त्या चढाने त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि पुढे त्याची तब्येत पूर्वीसारखी राहिली नाही. राणीने आपल्या रोजनिशीत हे लिहून ठेवलंय आणि त्या कारणाने ती शर्यत बंद केल्याचंही. शर्यत नंतर परतली. आता मोरोन या ८५९ मीटरच्या डोंगरावर पळतात. सह्याद्रीत पळणाऱ्या आम्हा लोकांना हा चढ आकड्यात फार वाटणार नाही, पण तिथे वाट म्हणजे ओलं गवत, हेदरची झुडपं आणि चिखल. उतरताना पाय कुठे ठेवायचा हे पायालाच ठरवावं लागतं.

सनईसूर :

रानजाई, तो कोपऱ्यात एकटा येरझाऱ्या घालणारा माणूस! त्याच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तो बहुधा पीब्रॉख वाजवत असणार. गेलिकमध्ये त्याला ‘क्योल मोर’ म्हणतात, म्हणजे थोरलं संगीत. कूच करायच्या आणि नाचाच्या धुना त्या ‘क्योल बेग’, धाकटं संगीत. पीब्रॉखमध्ये आधी मूळ धून येते, अगदी सावकाश. मग तिचाच विस्तार, प्रत्येक फेरीत बोटांचं काम वाढत जातं आणि शेवटी सगळं उतरवून पुन्हा तीच मूळ धून. दहा-पंधरा मिनिटं एकच रचना. आपल्याकडचा ऐकणारा यात लगेच रमेल असं मला वाटतं.

पाईपला सूर धरणाऱ्या तीन नळ्या असतात, दोन मध्यम, एक खर्जाची. धून वाजते ती वेगळ्या नळीवर, नऊच स्वर. सनईच्या ताफ्यात मागे बसून एक जण नुसता सूर भरतो, तोच इथे खांद्यावर घेतलाय. आणि श्वास घ्यायला धून थांबत नाही, कारण पिशवीतली हवा काखेत दाबून सुरू ठेवतात. त्यामुळे दोन सारखे स्वर लागोपाठ आले तर मधे थांबून तोडता येत नाहीत. ते तोडायला मधे बारीक स्वरांचे कण घालावे लागतात. सगळी कारागिरी त्या कणांत आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही विद्या शेकडो वर्षं कागदाशिवाय चालली. स्काय बेटावरच्या मॅकक्रिमन घराण्याची पाईपची पाठशाळा प्रसिद्ध होती. गुरू धून तोंडाने म्हणून दाखवायचा, ठरलेल्या अक्षरांत. कुठल्या स्वराला कुठला उच्चार, कुठल्या कणाला कुठला, हे बांधलेलं. या पद्धतीला कांटराख्त म्हणतात. तबल्याचे बोल पाठ केलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

रानजाई :

सनईसूर, तुमचं वाचून पश्चात्ताप होतोय. मी त्याच्यापाशी दोनच मिनिटं थांबले. पुढच्या वर्षी तिथेच बसेन.

नाचाबद्दल राहिलं होतं. जमिनीवर दोन तलवारी एकमेकींवर फुलीसारख्या ठेवतात आणि मुली त्यांच्या चारही घरांत चवड्यावर नाचतात. पाय लागून तलवार सरकली की बाद. आठ-नऊ वर्षांची पोरगी खाली न बघता नाचत होती. दुसरा एक नाच ‘शॉन ट्रूस’, म्हणजे जुनी विजार. सुरुवातीला पाय असे झटकतात की नकोशी विजार अंगातून काढून टाकतायत. इतिहासवेडा यांनी सांगितलेल्या पोशाखबंदीशी, म्हणजे किल्टऐवजी घालाव्या लागलेल्या विजारीशी, या नाचाचा संबंध जोडतात.

मेपलपान :

मी ओटावाला राहते. इथून तासाभरावर मॅक्सविल नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे ग्लेनगॅरी हायलँड गेम्स भरतात. इतिहासवेडा म्हणाले त्या हुसकावलेल्या, देश सोडलेल्या कुटुंबांचेच वंशज या भागात आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजं भरभरून माणसं आली आणि नव्या मुलखालाही त्यांनी जुन्याच खोऱ्याचं नाव दिलं. खेळ १९४८ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या वर्षीचं उद्घाटन तेव्हाचे पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी केलं.

कॅनडातल्याच नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिशचे खेळ तर १८६३ पासूनचे.

मॅक्सविलला संध्याकाळी सगळे पाईप बँड एकत्र मैदानात येतात तो क्षण सांगते. आधी लांबून नुसता गुणगुणाट येतो, मग ढोल छातीत वाजू लागतात. माझे सासरे साताऱ्याहून आले होते, सैन्यातून निवृत्त. ते उठून ताठ उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. आपल्या सैन्यातही पाईप बँड आहेतच. नंतर गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘यांची पोरं हे वाजवायला शिकतात कुठे?’’ गावात शिकतात, हिवाळ्यात, शाळेच्या हॉलमध्ये. माझा मुलगा आता तिथे ढोल शिकतोय.

आभाळमाया :

बायकांना फेकायचे खेळ खेळू देतात का? की नाचच?

रानजाई :

खेळतात. बायकांसाठी वजनं वेगळी असतात, बाकी नियम तेच. आणि डिनीचे दगड १९७९ मध्ये जॅन टॉड या अमेरिकन बाईंनी उचलले, हात कड्यांना घट्ट धरून ठेवणारे पट्टे वापरून. २०१८ मध्ये ली हॉलंड-कीन हिने पट्ट्यांशिवाय, नुसत्या हातांनी. तेच दोन धोंडे. बायकांसाठी हलके दगड आणले नाहीत कुणी. माझ्या लेकीने हे तीनदा वाचायला लावलं.

तालीमकर :

खासबागेचं कुणी काढलं नाही म्हणून सांगतो. राणीचं नाव ब्रेमारला, तसं आमच्याकडे शाहू महाराजांचं. १९१२ मध्ये त्यांनी खासबाग मैदान बांधलं, कुठूनही बघा, कुस्ती दिसते. पण रानजाई ताई म्हणतात ते खरं आहे. खासबाग टिकलं ते गावोगावच्या जत्रांमुळे. तिथे नारळावरच्या कुस्त्यांना पाच वर्षांचं पोरगं लंगोट लावून उतरतं.

तुमचा प्रश्न डोक्यात घेऊन रविवारी आजोळी गेलो होतो. गोटी सापडली. देवळाच्या मागे, पन्हाळीखाली, शेवाळ आलेली. घासून धुतली. चौघांनी लोटत गुऱ्हाळावर नेली आणि काट्यावर ठेवली. ८३ किलो. वर पकडायला काही नाही, सगळी गोल, त्यामुळे ८३ म्हणजे बारपेक्षा वेगळे ८३. मी मांडीपर्यंत आणली. छातीवर नाही आली. पंचाऐंशीच्या घरातले एक आजोबा बघत होते. ते म्हणाले, ‘‘हात खालून घालतोयस. कवळ घाल.’’ मिठी मारल्यासारखी धरायची असते म्हणे. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डोंगरवाट :

दादा, त्या आजोबांचं सगळं रेकॉर्ड करून ठेवा. नुसतं वजन नको. कुणी उचलली, कशी धरली, सगळं.

इतिहासवेडा :

हेच लिहिणार होतो. डिनीचे दगडसुद्धा पहिल्या महायुद्धानंतर विसरले गेले होते. १९५० च्या दशकात ताकदीच्या खेळांचे अभ्यासक डेव्हिड वेबस्टर यांनी ते शोधून काढले, तेव्हा कुठे माणसं पुन्हा उचलायला लागली. मुळात ते पुलाच्या डागडुजीच्या वेळी परांची बांधायला वजन म्हणून वापरलेले साधे धोंडे. कड्या त्यासाठीच.

तालीमकर :

फोनवर दोन तास रेकॉर्ड केलंय. येत्या हनुमान जयंतीला गोटी पुन्हा देवळापुढे ठेवायची, असं तालमीत ठरलं. उचलून दाखवणाऱ्याला तालमीकडून नारळ आणि फेटा.

रानजाई :

दादा, तुमचा निरोप वाचून लगेच बाबांना फोन लावला. आमची गोटी आहे. पाराला फरशी बसवली तेव्हा कोपऱ्यात पुरली गेली, वर फक्त वीतभर दिसते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गवंड्याशी बोलतो म्हणाले, एक फरशी काढावी लागेल. मी त्यांना पोटार्कच्या दगडांचे फोटो पाठवले होते. रात्री इथे अकरा वाजता, म्हणजे त्यांच्याकडे पहाट झाली नव्हती, त्यांचा फोन आला.

‘‘जाई, त्या दगडांना कड्या आहेत, मग उचलताना गडी दोन्ही धोंडे अंगाच्या दोन बाजूंना ठेवतो, का एक पुढे आणि एक मागे?’’

दोन्ही तऱ्हेने उचलतात. त्यांना ते फोटोही पाठवलेत.